मोहल्ल्याचा रंग कोण ठरवतो?

व्हिडिओवाल्यांच्या बोलण्यात हल्ली ‘लट’ हा शब्द सारखा येतो. उर्दूवाल्यांना लट म्हटले की केसांची बट आठवते, पण ही लट म्हणजे रंगांचा तक्ता आहे. कॉलेजात आपण लॉगॅरिदमचे तक्ते वापरत असू. हवा तो आकडा शोधायचा आणि त्याच्यासमोरचे उत्तर उचलायचे. इथेही तसेच आहे. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा एकेक आकडा असतो. त्याच्या जागी कोणता रंग दाखवायचा, ते तक्ता सांगतो. अनेक तक्त्यांत प्रत्येक रंगाच्या ३३ पायऱ्या, म्हणजे एकूण ३५,९३७ नोंदी असतात. मधले रंग हिशेबाने काढले जातात.

हे कशासाठी? चांगले कॅमेरे ‘लॉग’ पद्धतीने रेकॉर्ड करतात. तसे केले की लख्ख उजेडातले आणि गडद सावलीतलेही बारकावे टिकतात. पण ते चित्र दहादा धुतलेल्या सदऱ्यासारखे फिके दिसते. त्यावरून अंदाज येत नाही, म्हणून तक्ता लावून मॉनिटरवर पाहतात. आत मूळ फिके चित्रच साठते. तक्ता फक्त पाहण्यापुरता असतो.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयावर पाच मिनिटांची फिल्म करायची ठरली, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी कॅमेरा घेऊन आला. तो लग्नांचे व्हिडिओ करतो. त्याने इंटरनेटवरून घेतलेला ‘सिनेमॅटिक’ तक्ता लावला. मॉनिटरवर आमची गल्ली पिवळट, धुळकट झाली आणि सावल्या काळ्याकुट्ट. सातवीच्या मुली भोवती जमल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, “मॅडम, ये तो पिक्चर में पोलीस आने के पहले की गल्ली सरका दिखरा.”

सगळे हसले. मला मात्र ते वाक्य सोडवेना. १३ वर्षांच्या मुलीला रंगावरून कळते की आता इथे गुन्हा दिसणार. सोडरबर्ग यांच्या ‘ट्रॅफिक’मध्ये (२०००) मेक्सिको असेच पिवळे आहे. तेव्हा भिंगावर तंबाखूच्या रंगाचा फिल्टर लावला होता. ‘एक्स्ट्रॅक्शन’मध्ये (२०२०) ढाक्याची पाळी आली. नद्यांच्या, पावसाच्या मुलखातले ते शहर पडद्यावर भाजल्यासारखे दिसते. रंग आधी ठरतो, वस्ती नंतर दिसते.

मग त्याने साधा, टीव्हीच्या मानक रंगांचा तक्ता लावला. वाचनालयाचा हिरवा दरवाजा हिरवा झाला. शिकवणीचा बोर्ड वाचता आला. मुलींचे गव्हाळ, सावळे चेहरे होते तसे दिसले.

मी त्याला विचारले, “लग्नात कोणता लावतोस?” तो जरा संकोचला. “मॅडम, दुल्हन गोरी दिसली पाहिजे, हे घरचेच सांगतात. त्यासाठी वेगळा आहे.”

इथे तक्रार आपल्याच दारात येते. दुसरे आपली गल्ली काळवंडून दाखवतात म्हणून आपल्याला राग येतो, आणि तो रास्त आहे. पण आपल्या सावळ्या लेकीवर तिच्या लग्नाच्या दिवशी गोरेपण चढवायला आपणच सांगतो. वीस वर्षांनी तिची मुले अल्बम पाहतील, तेव्हा त्यांना आपली आई ओळखू येईल का?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पॅनासॉनिकच्या २०२३च्या लुमिक्स एस५ मार्क २सारख्या कॅमेऱ्यांत निवडलेला रंग थेट रेकॉर्डिंगमध्येच उतरवता येतो. मग तो हवा तेव्हा काढता येत नाही. नुसता पाहण्यापुरता लावलेला तक्ता मात्र केव्हाही काढता येतो.

म्हणून पुढच्या लग्नात व्हिडिओवाला “कोणता लूक ठेवू?” असे विचारेल, तेव्हा आधी साधा तक्ता लावून दाखवायला सांगा. आणि त्या वेळी मुलीलाही मॉनिटरसमोर उभे करा. चेहरा तिचा आहे, तिलाही विचारा.