मापाचे माप

पोवळे म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे प्रथम येते ती आजीच्या गळ्यातील तांबडी माळ. पोवळे हा एके काळी जिवंत प्राणी होता, ही गोष्ट आम्हांला शाळेत सांगितली गेली खरी. पण ती मनात उतरली २०२३ सालच्या मे महिन्यात, आणि तीही समुद्रापासून दूर, इंग्लंडातील स्विंडन गावी.

तेथे आमची ताई राहते. तिचा मुलगा आठ वर्षांचा असताना गोवा सोडून गेला; आता तो पंधरा वर्षांचा आहे. समुद्राची सवय सुटेना म्हणून की काय, त्याने दिवाणखान्यातच एक समुद्र मांडला आहे. सुमारे दोनशे लिटर खारे पाणी, वर निळसर दिवा, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी, आणि मध्यभागी पाच फांद्यांचे एक प्रवाळ. त्याच्या मऊ बोटांची टोके हातोडीसारखी असतात, म्हणून इंग्रजीतही त्याला 'हॅमर' असेच म्हणतात. विद्यार्थिमित्रांनो, हा छंद आपल्याकडे करू पाहू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील खडकबांधणी करणाऱ्या प्रवाळांना वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. आपल्या वास्कोजवळच्या ग्रँड बेटापाशी प्रवाळ आहे. ते तेथेच शोभते. इंग्लंडात मात्र काचपेटीत वाढवलेल्या प्रवाळाच्या फांद्या रीतसर विकत मिळतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा ते प्रवाळ आजारी होते. एक फांदी केवळ पांढरे हाड होऊन उभी होती. दोन फांद्यांवरील मांस काठाकाठाने मागे सरत चालले होते. उरलेल्या दोन तेवढ्या फुललेल्या होत्या. भाचा शाळेतून येई, दप्तरही न उतरवता पेटीपुढे बसे आणि कोणाशी बोलत नसे. ताई हळूच म्हणाली, "ह्या पेटीशिवाय ह्याला येथे कोणी मित्र नाही रे."

त्याने उपाय कमी केले नव्हते. एकाच आठवड्यात त्याने दिव्याचा प्रकाश उतरवला, पाण्याचा झोत वाढवला, प्रवाळाची जागा दोनदा बदलली आणि तीन बाटल्यांतील क्षार पाण्यात ओतले. आम्ही विचारले, "यांतील कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले, हे तुला कसे कळणार?" तो म्हणाला, "मामा, ते मरत असताना मी नुसता बघत बसू?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. शास्त्र भाच्याचे आणि वही आमची, अशी वाटणी झाली. प्रथम रोग ओळखायचा. प्रवाळाच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देते. पाणी फार तापले वा प्रकाश असह्य झाला की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पण तेव्हा पारदर्शक का होईना, मांस हाडावर असतेच. येथे तर मांसच नाहीसे होत होते. म्हणजे हा तो विकार नव्हे. दुसरा संशय संसर्गाचा. त्यात मांस विरघळून तपकिरी चिकट गोळा धरतो. तसा गोळा कोठेच नव्हता. तिसरा संशय कुरतडणाऱ्या जिवांचा. दोन रात्री दिवा मालवून, हातात टॉर्च घेऊन आम्ही पाळत ठेवली. चोर सापडला नाही. उरले पाणी.

भाच्याच्या वहीत, बाटल्या ओतण्यापूर्वीचे आकडे होते. लिटरमागे कॅल्शियम सुमारे ४२० मिलिग्रॅम हवे, ते ३७० होते. मॅग्नेशियम १३०० हवे, ते ११५०. आमचे गणित त्रैराशिकापलीकडे जात नाही; पण दोन्ही आकडे जवळजवळ एक-नवमांशानेच कमी आहेत, एवढे दिसण्यास तेच पुरे झाले. निरनिराळे क्षार एकाच प्रमाणात कसे घटतील? पाणीच पातळ असेल तर! परंतु खारटपणाच्या रकान्यात प्रत्येक तारखेला हजार भागांत ३५, म्हणजे समुद्राइतकाच, आकडा होता.

आमच्या बाजारात व्यापाऱ्याच्या वजनावरही वजनमाप खात्याचा शिक्का लागतो. आम्ही सहज विचारले, "तुझे हे यंत्र कोणी तपासले?" खारटपणा मोजण्याचे ते यंत्र लहानशा दुर्बिणीसारखे असते, काचेवर थेंब ठेवून उजेडाकडे पाहिले की पट्टीवर रेषा दिसते. भाच्याने काचेवर शुद्ध पाण्याचा थेंब ठेवला. रेषा शून्यावर यावयास हवी होती. ती चारावर होती! हिवाळ्यात यंत्र हातून पडले होते, तेव्हापासून त्याचे शून्य हलले होते. म्हणजे ३५ समजून त्याने महिनोन्महिने ३१ चे पाणी भरले होते. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मीच..." आम्ही म्हणालो, "तू नव्हे. तुझ्या हातातले माप."

उपायही घाईचा नव्हता, कारण एकदम मीठ घालणे हा आणखी एक आघात झाला असता. यंत्र शून्यावर आणले, दिवा व झोत पूर्ववत् केले, बाटल्या कपाटात गेल्या. मेलेली फांदी भाच्याने कापून काढली. पेटीतून रोज दोन लिटर पाण्याची वाफ होई. मीठ मागे राहते म्हणून एरवी त्या जागी गोडे पाणी घालतात. आम्ही त्याऐवजी ३५ चे खारे पाणी घालू लागलो. दोन लिटरांत सत्तर ग्रॅम मीठ. ते दोनशे लिटरांत पसरले की खारटपणा रोज तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक वाढे. चार अंश चढायला बारा दिवस लागले. तेवढे दिवस रोज मोजणे आणि लिहिणे, यापलीकडे काही करावयाचे नाही, हेच सर्वांत कठीण पथ्य होते.

त्या रिकाम्या संध्याकाळी आम्हांला मार्चमधील एक उत्तरपत्रिका आठवू लागली. नदीकाठच्या एका विद्यार्थ्याने 'आमची नदी' या निबंधात लिहिले होते, "पावसांत न्हंयचें उदक गोडें जाता." आम्ही त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली आणि दहांपैकी तीन गुण दिले. समुद्राजवळची खारी नदी पावसाळ्यात गोडी होते, हे त्याने स्वतः चाखून लिहिले होते. इतर मुलांनी शुद्ध मराठीत पुस्तकातील नदी लिहिली. आठ गुण त्यांना मिळाले. स्वतःच्या घरी आम्हीही 'उदक'च मागतो. आमच्या मापाचे शून्य कोठे हलले होते, ते आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

जूनमध्ये त्या मुलाला बोलावून आम्ही हे सारे सांगितले. गेल्या वर्षीचा निकाल बदलता येत नव्हता. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग त्याने विचारले, "सर, मागीर 'उदक' म्हूण बरयल्यार चलता?" आम्ही म्हणालो, "'उदक' तर मराठी पोथ्यांतही आहे. बाकीचे मराठी शब्द आम्ही समासात लिहून देऊ, ते तू शिक. पण नदी मात्र तुझीच लिही." आता आम्ही आशयाचे गुण प्रथम देतो आणि तांबडी शाई नंतर उघडतो.

ऑगस्टमध्ये भाच्याचे छायाचित्र आले. आजारी दोन फांद्यांपैकी एक गेली. दुसरीचे मांस सरायचे थांबले आहे आणि बोटे पुन्हा बाहेर आली आहेत. पाचांतील तीन वाचल्या. खाली त्याने लिहिले होते, "मामा, दर पहिल्या तारखेला शून्य तपासतो." आम्हीही तपासतो.