वायर म्हातारी होते!

एकाच वायरचे दोन तुकडे सध्या माझ्या टेबलावर आहेत आणि घरी येईल त्याला मी ते वाकवून दाखवते आहे. एक तुकडा भिंतीतल्या पाइपमधला, अजून नव्यासारखा लवचीक. दुसरा गीझरच्या स्विचजवळचा. तो तपकिरी पडलाय, जरा वाकवला की आवरणाचे टवके उडतात आणि आतलं तांबं उघडं पडतं. वायर एक, वय एक, आणि केवढा हा फरक! वायरमनकाका सहज म्हणाले, "स्क्रू ढिला होता, तापून तापून कडक झाली." मला राहवेना, मी वाचायलाच बसले.

पीव्हीसी मुळात मऊ नसतंच, हे माहीत होतं तुम्हाला? पाण्याचे कडक पाइप होतात ना, तेच हे. वायरवर चढवताना त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात, म्हणून ती वळते. उष्णतेनं हे द्रव्य हळूहळू निघून जातं. फारच तापलं तर पीव्हीसीचे रेणूच तुटू लागतात, हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो आणि तो पुढच्या तुटण्याला आणखी वेग देतो!

साध्या पीव्हीसी वायरला आतली तार ७० अंशांपर्यंत तापलेली चालते. त्यापुढे? पुढचं वाचून तर मी थक्कच झाले. तापमानानं रासायनिक क्रिया किती वेगावते, याचं सूत्र स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसनं १८८९ मध्ये मांडलं. १९३० मध्ये अमेरिकेत माँटसिंगर या अभियंत्यानं ट्रान्सफॉर्मरच्या इन्शुलेशनबद्दल सांगितलं, की दर ८ अंश वाढीला त्याचं आयुष्य निम्मं होतं. इतर इन्शुलेशनसाठी ढोबळमानानं १० अंश धरतात. म्हणजे ७० ऐवजी सतत ९० अंशांवर राहिलेल्या वायरचं आयुष्य चौथाईवर येतं. ठिणगी नाही, वास नाही, दिवा नेहमीसारखा लागतोय आणि आत वर्षं भराभर संपताहेत!

आणि ही उष्णता येते कुठून, तर वाहणाऱ्या करंटमधूनच. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. ढिल्या जोडणीत अडथळा वाढतो, म्हणून माझी वायर नेमकी टोकाशीच गेली.

मग मी गणित मांडलं. भोवतालची हवा ४० अंश धरली, तर ७० पर्यंत तापायला ३० अंशांची मोकळीक मिळते. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली ५० अंश झाले, की उरतात २०. तेवढ्यात बसायचं तर तीच वायर जवळपास १८ टक्के कमी करंट वाहू शकते! एका पाइपमध्ये भरलेल्या अनेक वायरी एकमेकींना तापवतात, ते आणखी वेगळंच. आता वायरमनकाका आले की पहिला प्रश्न ठरलाय: एसीच्या पाइपमधून किती वायरी नेल्यात?