मावशी चांगली आहे का?

निवृत्त झाल्यावर मी स्वस्थ बसणार नाही हे घरी सगळ्यांना ठाऊक होतं. पुण्यातली एक छोटी संस्था अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी घरोघरी मावश्या आणि मामा पुरवते. त्या घरांत जाऊन पेशंटची सेवा कशी चालली आहे ते बघायचं आणि अहवाल लिहून द्यायचा, हे काम मी घेतलं. मावश्या त्याला 'चेकिंग' म्हणतात. मी जिना चढून वर पोचेपर्यंत चादर बदललेली असते.

माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात गेली. तिथे हलगर्जीपणाला साक्षीदार असतात. शेजारच्या खाटेवरचा पेशंट बघत असतो, त्याचे नातेवाईक बघत असतात, राउंडला डॉक्टर येतात, मेट्रन अचानक उगवतात. घराचं दार लागलं की आत दोनच माणसं उरतात, आणि त्यातलं एक पुष्कळदा बोलू शकत नाही, नाहीतर बोलायला धजत नाही.

घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "मावशी चांगली आहे ना हो, सिस्टर?" चांगली म्हणजे वेळेवर येते, फोनवर बोलत बसत नाही, कपाटाला हात लावत नाही, उलट उत्तर देत नाही. या यादीत पेशंटच्या अंगाचा उल्लेख कुठेच नसतो. मी मात्र अंगापासूनच सुरुवात करते. चादर ताजी असते, टाचा ताज्या करता येत नाहीत.

टाचा, माकडहाड, खुब्याची हाडं, कोपरं, कानामागची जागा. लाल डाग दिसला की त्यावर बोट दाबून बघायचं. बोट उचलल्यावर जागा क्षणभर पांढरी पडली तर अजून वेळ आहे. लाल ती लालच राहिली तर बेडसोरची सुरुवात झाली. बाईमाणूस असेल तर स्तनांखालची घडी बघते, कुणाचीही जांघ बघते. पॅरालिसिसच्या पेशंटची आवळलेली मूठ हळूच उघडून तळव्याचा वास घेते. रोज स्पंजिंग होतं असं सांगणाऱ्या घरातही ती मूठ कित्येकदा उघडलेलीच नसते. मग तोंड. कवळी काढून धुतात का, जिभेवर पांढरा थर आहे का. कॅथेटर असेल तर पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगली आहे की जमिनीवर लोळते आहे. नळीतून भरवत असतील तर मी मुद्दाम त्याच वेळेला जाते, कारण भरवताना डोकं उंच हवं आणि नंतर निदान अर्धा तास तसंच राहायला हवं. हे मावशीच्या नोंदवहीत कळत नाही.

वहीची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगते. एका घरात मी सकाळी अकराला पोचले, तर वहीत दुपारी दोनपर्यंत कूस बदलून झाली होती.

बेडसोरचा धोका मोजायला ब्रेडन स्केल वापरतात. 1987 साली तो प्रसिद्ध झाला. जाणीव, ओलसरपणा, हिंडणंफिरणं, अंथरुणात हालचाल, खाणंपिणं आणि घर्षण अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. जास्तीत जास्त 23. साधारण अठरा किंवा त्याखाली आलं की सावध व्हायचं. गुण मांडून दाखवले की घरचे लगेच म्हणतात, "पण एअर बेड आणलाय की!" एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते, हे दुकानात बहुधा कुणी सांगत नाही. शिवाय पंपाचा आवाज होतो म्हणून रात्री तो बंद करून ठेवणारी घरंही मी बघितली आहेत. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट आणि पावडर लावून खसाखसा चोळायचं, ही आणखी एक श्रद्धा. पूर्वी आम्हालाही तेच शिकवायचे. आता शिकवतात की लाल जागा चोळू नका, आतलं आणखी दुखावतं.

एवढं सगळं बघून झालं की सेवेची पारख झाली, असं वाटणं साहजिक आहे. कोथरूडच्या एका घराने मला पुढचं शिकवलं. आजोबा निवृत्त शिक्षक, उजव्या बाजूला पॅरालिसिस. कातडी नितळ, नखं कापलेली, केसांना तेल, दाढी रोजच्या रोज. वहीसुद्धा खरी. मावशीला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं घर. पण मी दर भेटीत बार्थेल इंडेक्सही भरते. 1965 सालची ही पद्धत. खाणं, आंघोळ, कपडे, संडास, जिना अशा दहा गोष्टींत माणूस स्वतःचं स्वतः किती करतो, याचे शंभरपैकी गुण. आजोबांचे गुण दर वेळी उतरत होते. नवा झटका नव्हता, ताप नव्हता.

जेवणाच्या वेळी थांबले तेव्हा उलगडा झाला. मावशी वरणभात कालवून चमच्याने भरवत होती, भराभर, प्रेमाने. डावा हात मांडीवर निवांत पडलेला. "आजोबा डाव्या हाताने जेवायचे ना?" मी विचारलं. मावशीने स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सांडतं हो सिस्टर. मग वहिनी मला बोलतात." वहिनींचं म्हणणंही खोटं नव्हतं. रोज चादर कोण धुणार? म्हणजे घराला स्वच्छता हवी होती, मावशीने ती दिली होती, आणि त्या स्वच्छतेत आजोबांचा चालता हात बसून गेला होता. मी मांडीवर टाकायला प्लास्टिक मागवलं, खोलगट वाडगा काढायला लावला, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला. दहा मिनिटांचं जेवण पाऊण तासावर गेलं. वहिनींना ते फारसं रुचलं नाही. आजोबांनी मात्र लोणचं मागितलं. इतके दिवस त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

विचारायचं कसं, हेही एक काम आहे. मावशी उशाशी उभी असताना "काही त्रास नाही ना?" असं विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं. मी मावशीला चहा करायला पाठवते आणि साधे प्रश्न विचारते. काल पाणी गरम होतं का? अंग पुसताना दार लावलं होतं का? रात्री हाक मारली तर कोण येतं? सदाशिव पेठेतल्या एका आजी या प्रश्नांवर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मला या झब्ब्यातून बाहेर काढ." त्यांनी जन्मभर नऊवारी नेसलेली. सोयीसाठी त्यांना गाऊन घातला होता आणि केसही मानेपर्यंत कापले होते, त्यांना न विचारता. नऊवारी आता शक्य नव्हती. पण गाऊनवरून पदरासारखी ओढणी आणि सकाळी कुंकू, एवढ्यावर तडजोड झाली. अहवालाच्या छापील फॉर्मात याला रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.

ज्यांची स्मृती गेली आहे त्यांना प्रश्न विचारून उपयोग नसतो. तिथे मी मावशी जवळ गेल्यावर अंग आखडतं की सैल पडतं ते बघते, आणि दंडावर बोटांचे वळ आहेत का ते बघते. एका घरी वळ दिसले. ते मावशीच्या बोटांचे नव्हते. तेव्हा ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनची गरज पडली. एरवी माझ्या कागदाला कायद्याचा आधार नाही. 2007 चा कायदा मुलांनी आईवडिलांचा सांभाळ करावा म्हणतो. घरी येणाऱ्या सेवेची नोंदणी व्हावी, सेवा देणारे प्रशिक्षित असावेत अशी तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक 2019 साली लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. घरगुती सेवेसाठी होम हेल्थ एडचा अभ्यासक्रम आहे. मला भेटणाऱ्या बहुतेक मावश्या मात्र एकमेकींकडून शिकलेल्या असतात.

म्हणून मी घराचीही तपासणी करते, आणि त्यावरून संस्थेच्या मालकांशी माझे खटके उडतात. त्यांचं म्हणणं, "सिस्टर, गिऱ्हाईक आपलं आहे, त्याला प्रश्न विचारायचे नाहीत." मी विचारते. मावशी झोपते कुठे? जेवते कधी? ती आंघोळीला गेली की पेशंटजवळ कोण असतं? सत्तर किलोच्या माणसाला ती एकटी उचलते की कुणी ड्रॉ शीटचं दुसरं टोक धरतं?

बिबवेवाडीच्या एका घराने 'मावशी बदलून द्या' असा निरोप पाठवला होता. आजींच्या माकडहाडावर लाल डाग उठला होता, दाबून पांढरा न होणारा. मावशी चोवीस तासांची. ती स्वयंपाकघरात फ्रीज आणि दाराच्या मधल्या जागेत झोपत होती. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे रात्री दहा, बारा, दोन, चार आणि सहा. एक बाई एकटीने हे रोज करणार म्हणजे तिने सलग दोन तासांपेक्षा जास्त कधीच झोपायचं नाही. हा हिशेब मी कागदावर मांडून दोन्ही मुलांसमोर ठेवला. मोठा मुलगा रात्री बारापर्यंत लॅपटॉपवर जागाच असायचा. धाकटा पहाटे फिरायला जायचा. दहा आणि बारा मोठ्याचे ठरले, सहा धाकट्याचे. दोन आणि चार मावशीचे. तिची गादी आजींच्या खोलीत आली आणि दुपारी सून बसेल तेवढे दोन तास मावशीने झोपायचं, असंही ठरलं.

पुढच्या भेटीत डाग फिका पडला होता, त्यानंतरच्या भेटीत तो दिसेना. फॉर्ममध्ये मावशीचे गुण वाढले. तिने वेगळं असं काहीच केलं नव्हतं. मोठ्या मुलाने दारापर्यंत येऊन विचारलं, "मग आता मावशी चांगली आहे ना?" मी फॉर्म उलटा केला, मागच्या कोऱ्या पानावर रात्रीच्या पाळ्या लिहिल्या आणि त्याखाली त्याची सही घेतली.