माउंटिंग

दोस्तांनो, तुम्ही कविता मागितली होती. नाही जमली. महिनाभर डोक्यात रबर होतं. म्हणून रबराचंच लिहितो.

गावाचं नाव ब्राह्मणपुरी. मी कोण, ते ह्या पानांवर नाव छापलं म्हणजे कळलंच. आमच्या काकाकडे मारुती आठशे आहे. नंबर एमएच १८. म्हणजे १९९८ साली नंदुरबार जिल्हा निराळा झाला त्याच्याही आधीची, धुळ्याच्या खात्यातली. आता इथला नंबर ३९. काकानं चौथ्या हातानं घेतली. घेतली त्या दिवशी वस्तीतल्या पोरांनी तिला पाण्यानं धुतली, हार घातला. दोन वर्षांत ती ऑइल पिऊ लागली, मग धूर सोडू लागली, मग एक दिवस आतला दांडाच तुटला आणि ब्लॉकला भोक पडलं.

माझ्या मायचा मणका गेलाय. आयुष्यभर ऊस तोडला, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवल्या, अजून काय होणार. तिला महिन्यातून दोनदा नंदुरबारला दवाखान्यात न्यावं लागतं. प्रकाशाचा तापीचा पूल ओलांडून. एसटीत मागची सीट मिळाली की ती आठ दिवस झोपून. म्हणून गाडी पाहिजेच होती. काका म्हणाला, इंजिन बदलू.

शहाद्याच्या एका गॅरेजवाल्यानं आधी अल्टोचं इंजिन सुचवलं. सीसी तेच, ७९६. व्हॉल्व्ह सहाचे बारा. ताकद जास्त. लोक बसवतात, चालतंही. पण मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीनं दिलेल्या तपशिलाला सोडून गाडीत बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली तेच बजावलं. आपल्यासारख्यांना रस्त्यात अडवायला कारण लागत नाही, आणि वर आपणच कारण द्यायचं? मी म्हणालो, आठशेला आठशेचंच. भंगारातल्या एका आठशेचं इंजिन कागदपत्रासकट मिळालं. नवा इंजिन नंबर आरसीवर चढवायचा अर्जही दिला.

खरी भानगड माउंटिंगची. जुनी रबरं काढली तर ऑइलनं फुगलेली, लोखंडापासून सुटलेली. गॅरेजवाला म्हणाला, टाकू लेथवरून लोखंडी ठोकळे. जन्मात तुटणार नाहीत. मी म्हणालो, हादरा बसेल. तो हसला. "तुमच्या लोकांना गाडी चालली म्हणजे झालं. बाकी आराम कशाला?"

बोललो नाही. पण त्या रात्री पाळीत तेच घुमत होतं.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. मशीनच्या पायाखाली पॅड असतं. पॅड चेपलं की मशीनच्या अंगात येतं. धागा तुटतो, जमीन कापते, आणि ते कापणं पोटऱ्यांतून वर कमरेपर्यंत चढतं. सुटी झाल्यावर घरी खाटेवर पडलो तरी पाय आतल्या आत चालूच. पॅड बदला म्हटलं की उत्तर मिळतं, उत्पादन तर निघतंय ना? दोघांचं म्हणणं एकच. हादरा कुठं गेला ते विचारायचं नाही.

म्हणून मी हिशोब मांडला. आठशेचं इंजिन तीन सिलिंडरचं. तीन पिस्टनांचे धक्के एकमेकांना खातात हे खरं, पण एक टोक वर तेव्हा दुसरं खाली. त्यामुळे इंजिन सुपासारखं डुलतं. थांबलेल्या गाडीत मिनिटाला ९०० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला १५. चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला साडेबावीस. लोखंडी ठोकळा बसवला तर ते सगळे पत्र्यात, पत्र्यातून सीटमध्ये, सीटमधून मायच्या मणक्यात. शर्यतीच्या गाडीत ठोकळे ठीक. तिथं इंजिन तसूभर हलू द्यायचं नसतं आणि बसणारा धडधाकट असतो.

मधला मार्ग म्हणून पॉलियुरेथेन. ऑइलला दाद देत नाही, टिकतं. पण साध्या रबरापेक्षा बहुधा कडकच. उलट फार मऊ रबरही नको. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन उसळी घेतं, गिअरचा दांडा झटके देतो, सायलेन्सरचा पाइप चिरतो. कंपनीनं जे रबर ठरवलं ते ह्याच दोन्हींच्या मधलं. मी कंपनीचा भक्त नाही, पण इथं तिचं ऐकलं. अख्खा सेट नवा घेतला. चार नाइटांची हजेरी गेली. काका म्हणाला, एवढ्यात दोन टायर आले असते. खरंच आले असते.

बसवताना गिअर बॉक्सकडचं भोक जुळेना. बॉडीचा ब्रॅकेट कुणीतरी आधी वाकडा वेल्ड केलेला. चार सूत फरक. (गिरणीतलं सूत निराळं, हे अर्ध्या इंचाचं.) गॅरेजवाल्यानं टॉमी घेतली आणि रबर पिळून बोल्ट घुसवायला लागला. मी हात धरला. पिळलेलं रबर पहिल्या दिवसापासून ताणात राहतं, सहा महिन्यांत फाटतं. तो चिडला. "तू मिस्त्री का मी?" मी म्हणालो, "मिस्त्री तुम्ही. माय माझी." मग वेल्ड कापलं, ब्रॅकेट सरळ करून पुन्हा जोडला. त्यात दुपार गेली. सगळे बोल्ट ढिले ठेवले, जॅक काढला, इंजिनचं वजन रबरावर येऊ दिलं, दोन्ही हातांनी हलवून त्याला त्याची जागा घेऊ दिली. मगच कसलं. एवढं मात्र त्या माणसानं निगुतीनं केलं. हात चांगला आहे त्याचा.

मायला बसवलं. मागच्या इंजिनच्या वेळी ती विचारायची, "इतली काबर थरथरस हाई गाडी?" ह्यावेळी तिनं दारावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "चाल."

पुलापलीकडे ती झोपली.

पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा कसायचेत. आतापर्यंत तीनशे चाळीस झालेत.