कोलांटउडी मारणारा सुतार

सध्या मी भेटेल त्याला पकडून विचारतोय, मिरोस्लाव्ह क्लोझे माहीत आहे का? फुटबॉलवेडे मित्र माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. बघू देत! यूट्यूबवर २०१४ च्या वर्ल्डकपची ती गाजलेली जर्मनी-ब्राझील सेमीफायनल लावली, ७-१ वाली, आणि त्यात हा छत्तीस वर्षांचा गडी दिसला. पहिला फटका ब्राझीलचा गोलकीपर ज्युलिओ सेझारने अडवला, उसळून आलेला चेंडू याने गपकन जाळ्यात घातला. साधासुधा गोल. पण वर्ल्डकपमधला त्याचा सोळावा! आणि ज्याचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला तो रोनाल्डो (ब्राझीलचा, पोर्तुगालचा नव्हे) तिथेच स्टेडियममध्ये कॉमेंट्रीला बसलेला. कथेत असं लिहिलं असतं तर संपादकांनी साभार परत केलं असतं.

मग काय, झोप उडाली. क्लोझेचा जन्म पोलंडमधल्या ओपोलेचा. वडील फुटबॉलपटू, आई पोलंडकडून हँडबॉल खेळलेली. लहानपणीच कुटुंब जर्मनीत आलं. तिथे पोरगा सुतारकाम शिकला आणि विशीपर्यंत थेट सातव्या श्रेणीतल्या गावच्या संघात खेळत राहिला. त्या वयात बाकीचे स्टार करोडोंचे करार करतात हो! पुढे कैझरस्लाउटर्न, ब्रेमेन, बायर्न, लाझिओ.

२००२ च्या वर्ल्डकपचे गोल तर बघाच. पाच गोल, पाचही डोक्याने, त्यातले तीन एकट्या सौदी अरेबियाला. बचावपटू उडी मारायच्या बेतात असतो तोवर हा वर पोचलेला, मान एवढीशी वळते आणि चेंडू आत. मग कोलांटउडी! त्यावरून जर्मनीत त्याचं नावच पडलं, साल्टो क्लोझे. २०१४ मध्ये घानाविरुद्ध बदली म्हणून आला, दोन मिनिटांत गोल केला आणि त्या वयातही उडी घेतलीच. उतरणं काही धड जमलं नाही, पण चेहऱ्यावरचं हसू बघा. मी तेवढा तुकडा परत परत मागे नेऊन बघतोय.

पण माझा जीव जडला तो वेगळ्याच दोन प्रसंगांवर. २००५, ब्रेमेन विरुद्ध बीलेफेल्ड. रेफरीने पेनल्टी दिली आणि हा पठ्ठ्या स्वतःच सांगतो, गोलकीपरने मला पाडलं नाही, चेंडूच खेळला. पेनल्टी रद्द. २०१२, नापोलीत. चेंडू हाताला लागून जाळ्यात, रेफरीने गोल दिलेला, सामना ०-० वर, आणि हा कबूल करून मोकळा! नापोलीवाल्यांनी त्याची पाठ थोपटली आणि नंतर लाझिओला ३-० ने धुतलं. स्ट्रायकर म्हणजे गोलला हपापलेला प्राणी, त्याने मिळालेला गोल परत करायचा?

देशासाठी १३७ सामने, ७१ गोल. ज्या सामन्यात त्याने गोल केला त्यात जर्मनी एकदाही हरली नाही, एकदाही! २०१४ च्या रिओतल्या फायनलला ८८ व्या मिनिटाला तो बाहेर आला, आत गेला मारिओ ग्योट्झे, आणि ११३ व्या मिनिटाला त्यानेच कप जिंकून दिला.

आता लाझिओ-बोलोन्या लावतोय. २०१३, निकाल ६-०, त्यातले पाच याचे. येताय का बघायला?