तेरा राउंडचं ब्राउनिंग

संपादकांनी फोनवर फर्मावलं, "शस्त्रांवर लिहा, पण सामान्य वाचकाला झेपेल असं. आणि दिवाळी अंक आहे, तेव्हा जरा रंजक." ज्याची नोकरी पोलिसांच्या कोतात म्हणजे शस्त्रागारात, तेलाच्या चिंध्या आणि पंचनाम्याच्या पिशव्यांमध्ये गेली, त्याच्याकडे रंजक मागणं म्हणजे कमाल आहे. पण त्याच सुमारास टेक्सासमधल्या पुतण्यानेही फोन केला होता. "काका, ब्राउनिंग हाय-पॉवर घ्यायचंय. जुनं घेऊ की नवं?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पुरतं पटलेलं नाही. म्हणून हा लेख.

हा प्रश्न तिथे पडतो, इथे पडत नाही. हे पिस्तूल ९ एमएमचं, आणि आपल्याकडे ९ एमएम बोअर सामान्य परवानाधारकाला निषिद्ध; त्याने .३२ वर भागवायचं. मात्र सैन्यात आणि पोलिसांत जे '९ एमएम ऑटो १ए' दिसतं, ते इछापूरच्या रायफल फॅक्टरीत घडलेलं हेच ब्राउनिंग, आणि तेही जुन्या घाटाचं. त्याची काडतुसं आपल्या खडकीत तयार होतात. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ही इंग्रजी अक्षरं दिसतील. म्हणजे पुतण्या ज्याला 'क्लासिक' म्हणून दुप्पट पैसे मोजायला निघाला होता, ते मी रोज सकाळी मोजून रॅकला लावत होतो.

एक तक्रार इथेच नोंदवतो. वर्तमानपत्रांत '९ एमएम रिव्हॉल्व्हर' जप्त होतं, गावठी कट्ट्याला पिस्तूल म्हणतात, आणि सिनेमातला इन्स्पेक्टर दर संवादाला स्लाइड मागे ओढतो. चेंबरमध्ये राउंड असेल तर प्रत्येक ओढीला एक जिवंत राउंड जमिनीवर पडेल, हे कुणी त्याला सांगत नाही. असो.

या पिस्तुलाचे मूळ रचनाकार जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममध्ये, एफएन या शस्त्र कंपनीच्या कारखान्यातच वारले. पिस्तूल अर्धवट होतं. ते एफएनच्याच द्यूदोने सेव्ह यांनी पुरं केलं. मॅगझिनमध्ये काडतुसं एकाखाली एक न ठेवता तिरकी, दुहेरी बसवायची युक्तीही सेव्ह यांचीच, म्हणून मुठीत तेरा राउंड मावले. मागणी फ्रेंच सैन्याची होती. फ्रेंचांनी ते घेतलंच नाही, बेल्जियमने १९३५ मध्ये घेतलं. पुढे महायुद्धात जर्मनांनी कारखाना ताब्यात घेऊन ते स्वतःसाठी बनवलं, तर दोस्तांसाठी तेच पिस्तूल कॅनडात, टोरोंटोच्या इंग्लिस कंपनीत बनू लागलं. दोन्ही बाजूंच्या कमरेला एकच हत्यार.

फ्रेंच गेले, पण त्यांच्या मागणीपायी आलेला एक भाग मागे राहिला: मॅगझिन सेफ्टी. संपादक, क्षमा करा, इथे थोडं खोलात जावं लागेल. चापाला एक स्प्रिंगवालं बोंड जोडलेलं असतं. मॅगझिन आत असलं की बोंड त्याच्या पुढच्या पत्र्याला टेकतं आणि चापाचा दांडा जागेवर राहतो. मॅगझिन काढलं की बोंड मोकळं होतं, दांडा पुढे कलतो, स्लाइडमधल्या लिव्हरला लागतच नाही. मग चाप कितीही ओढा, घोडा पडत नाही. कल्पना चांगली. पण प्रत्येक वेळी चाप ओढताना ते बोंड पत्र्यावर घासतं आणि बोटाला खरखर लागते. बटण दाबूनही मॅगझिन आपोआप खाली येत नाही, ओढून काढावं लागतं. म्हणून हौशी नेमबाज हा भाग काढून टाकतात. पुतण्याने पाहिलेल्या एका पिस्तुलातही आधीच्या मालकाने तो काढलेला होता.

या भागावर मी सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडलो आहे. ड्युटी संपवून हत्यार जमा करायला शिपाई येतो. मॅगझिन काढतो, स्लाइड ओढून चेंबर दाखवतो. आता घोडा उतरवायचा, तर चाप चालत नाही. म्हणून मॅगझिन परत घालायचं. ते रिकामंच आहे ना, हे बघायचं रात्रपाळी करून आलेल्या माणसाने! अपघात टळावा म्हणून बसवलेल्या भागापायी मॅगझिन घालून चाप ओढण्याची सवय हाताला लागते. शिवाय 'मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं' हा खुळा समज त्यामुळेच पोसला जातो. चेंबरमधला राउंड चेंबरमध्येच असतो, त्याला मॅगझिनशी देणंघेणं नाही. इतकं सगळं बोलूनही मी पुतण्याला सांगितलं, तो भाग परत बसव. का, ते नीट सांगता येत नाही. एखाद्या बेसावध क्षणी तो कामी आला तर, एवढंच.

लोक पिस्तूल निवडतात ते डोळ्यांनी. जुन्याचा कडीसारखा गोल घोडा, गडद निळं पॉलिश, अक्रोडाच्या मुठी. मलाही ते देखणं वाटतं. पण त्याची साइट इतकी बारीक की संध्याकाळी दिसत नाही, सेफ्टीचा खटका अंगठ्याला सापडत नाही, आणि मूठ जरा वर धरली की मागे येणारा घोडा अंगठ्याजवळची कातडी चिमटतो. माझ्या हातावर तो वण आहे. खरे बदल मात्र आत आहेत. जुन्यात फायरिंग पिनला अडवणारं एका स्प्रिंगशिवाय काही नाही. भरलेलं पिस्तूल नळीवर जोरात आपटलं तर पिन पुढे जाऊन काडतुसाच्या टोपीवर बसू शकते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 'मार्क थ्री' या आवृत्तीत चाप ओढेपर्यंत पिनच अडकवून ठेवणारी कळ आली. साइट तोवर मोठी झाली होती, खटका दोन्ही बाजूंना आला होता, चेंबरकडे जाणाऱ्या उतारावरचा उंचवटाही गेला होता, त्यामुळे बोथट तोंडाची गोळीही न अडखळता चढते.

एफएनने २०१८च्या सुमारास हे पिस्तूल बंद केलं. मग २०२१ मध्ये स्प्रिंगफिल्ड या अमेरिकी कंपनीने त्याच घाटाचं 'एसए-३५' काढलं: चेहरा जुना, राउंड पंधरा, मॅगझिन सेफ्टी गायब. २०२२ मध्ये खुद्द एफएनने नवं हाय-पॉवर आणलं: सतरा राउंड, वजन किलोहून जास्त, आणि जुनं मॅगझिन त्याला चालत नाही. उत्तम पिस्तूल असेल. पण नाव तेच ठेवलं म्हणून ते जुन्याची सुधारलेली आवृत्ती ठरत नाही. ते वेगळं पिस्तूल आहे.

तेव्हा माझा सल्ला: बाळगायचं असेल तर मार्क थ्री. कपाटात ठेवून बघत बसायचं असेल तर जुनं बेल्जियन, पण ते भरून कमरेला लावू नकोस. नवं घ्यायचं तर नवं म्हणून घे, ब्राउनिंगच्या पुण्याईवर नको. कुठलंही जुनं घेतलंस तर आधी स्प्रिंगा बदल, आणि आधीच्या मालकाने बदललेला प्रत्येक भाग जाणकाराकडून तपासून घे.

पुतण्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण काका, गोल घोड्याचं जास्त भारी दिसतं ना?" दिसतं. आधी टार्गेटवर पाचशे राउंड खर्च कर, मग दिसण्याचं बोलू.