सात वर्षांची ‘गॅप’

बायोडेटा हातात आला की माझी नजर आधी तारखांवर जाते. नोकरीच आहे ती माझी. डिग्री २०१४, पहिली कंपनी २०१४ ते २०१७ आणि पुढची एन्ट्री थेट २०२०ची. मग मधली तीन वर्षं कुठे गेली? इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न मी अगदी गोड आवाजात विचारते आणि समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ होऊन बसतो. उत्तरं बहुतेक घोकून आणलेली असतात. ‘फॅमिली रीझन्स’, ‘स्वतःचं काहीतरी सुरू केलं होतं’, वगैरे. आजारी होतो असं सहसा कुणी सांगत नाही.

म्हणूनच असेल, पण स्टुअर्ट मर्डॉकबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गायक दिसायच्या आधी त्याचा बायोडेटा दिसला. स्कॉटलंडमधला हा मुलगा. युनिव्हर्सिटीत असताना आजारी पडला आणि जवळजवळ सात वर्षं आजारीच राहिला. आजाराचं नाव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, सुटसुटीत बोलायचं तर क्रॉनिक फटिग सिंड्रोम. हे नाव मोठं फसवं आहे. ‘फटिग’ म्हटलं की आपल्याला वाटतं, हात्तिच्या, आम्ही पण थकतो की! हिंजवडीहून दीड तास ट्रॅफिकमध्ये घरी पोचणारा कोण थकत नाही? पण हा थकवा झोपून जात नाही. जिना चढणं, अर्धा तास गप्पा मारणं अशा किरकोळ गोष्टींचा हिशेब शरीर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चुकतं करतं आणि माणूस आडवा होतो. त्यावर अमुक एक ब्लड टेस्ट नाही. रिपोर्ट नॉर्मल, माणूस अंथरुणात.

माझा आतेभाऊ तीन वर्षं असाच घरात आहे. दिसायला ठणठणीत. त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा त्याला सूर्यनमस्कार घालायला सांगतो.

मर्डॉक त्या वर्षांत गाणी लिहायला लागला. थोडं बरं वाटल्यावर तो ग्लासगोमधल्या बेकार संगीतकारांसाठीच्या ‘बीटबॉक्स’ नावाच्या सरकारी ट्रेनिंग स्कीममध्ये गेला. तिथे त्याला स्टुअर्ट डेव्हिड भेटला, दोघांनी डेमो केले. कुठल्या कंपनीशी करार नाही, मॅनेजर नाही. म्युझिक इंडस्ट्रीच्या भाषेत ‘अनसाईन्ड’, आणि आपल्या भाषेत ‘अजून काही झालं नाही त्याचं’.

मग एक छान गोष्ट घडली. ग्लासगोतल्या स्टो कॉलेजात म्युझिक बिझनेसचा कोर्स होता. तिथल्या पोरांचं स्वतःचं लेबल होतं, ‘इलेक्ट्रिक हनी’. रेकॉर्ड कशी काढायची, विकायची हे शिकण्यासाठी ती दरवर्षी एखाद्या बँडची छोटीशी रेकॉर्ड काढत. थोडक्यात, कॉलेजचं प्रोजेक्ट सबमिशन! मर्डॉककडे गाणी इतकी होती, की १९९६मध्ये एका सिंगलऐवजी अख्खा अल्बमच काढायचं ठरलं. रेकॉर्डिंग तीन दिवसांत उरकलं. अल्बमचं नाव ‘टायगरमिल्क’, बँडचं नाव ‘बेल अँड सेबॅस्टियन’, आणि प्रती फक्त १०००, त्याही व्हिनाइलवर. (पुढे याच लेबलनं स्नो पेट्रोल आणि बिफी क्लायरो या बँडच्याही सुरुवातीच्या रेकॉर्ड्स काढल्या. एवढे यशस्वी सबमिशन्स आमच्या कॉलेजात तरी कुणी केले नाहीत.)

त्यातलं पहिलंच गाणं ‘द स्टेट आय अॅम इन’. सुरुवातीला जवळजवळ नुसता आवाज आणि गिटार. आवाज असा, की शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये. मग हळूहळू बाकीची वाद्यं आत येतात, कुणीही धक्काबुक्की करत नाही. गाण्यात एक तरुण आपल्या घोळांची कबुली देत सुटतो. तो चर्चमध्ये पाद्र्यापाशी मन मोकळं करतो, तर पाद्री ते सगळं घेऊन त्याची कादंबरी करून टाकतो! मी लोकलमध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इथे खुदकन हसले होते. दुसऱ्यांदा ऐकताना हसू आलं नाही. जवळजवळ पाच मिनिटांच्या या गाण्यात आजाराचं भाषण नाही, रडारड नाही. पण हा माणूस खूप दिवस एकटा बसून लोकांकडे बघत आलाय, हे कळतं.

आता इथे कुणीतरी हमखास म्हणणार, ‘बघ, आजारपणामुळेच तो कलाकार झाला.’ मला हे बोलणं अजिबात पटत नाही. आजारपणानं त्याची ऐन उमेदीची वर्षं नेली, ती काही परत आली नाहीत. गाणी त्यानं लिहिली, आजारानं नव्हे. टायगरमिल्क रेकॉर्ड झाला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आमच्या ऑफिसात सत्तावीसचा माणूस ‘टीम लीड कधी होणार’ म्हणून वैतागलेला असतो.

पुढचं सगळं भराभर झालं. जीपस्टर या लेबलशी करार, १९९६मध्येच दुसरा अल्बम. १९९९मध्ये ब्रिट अवॉर्ड्समध्ये ‘बेस्ट न्यूकमर’, तेही तीन अल्बम झाल्यावर! त्याच वर्षी टायगरमिल्क पुन्हा निघाला, तोवर त्या पहिल्या १००० प्रतींना लोक वेड्यासारखे पैसे मोजत होते. स्टो कॉलेज त्या नावानं आता राहिलं नाही, २०१३मध्ये ते ग्लासगो केल्व्हिन कॉलेजात विलीन झालं. मर्डॉकनं मात्र ती वर्षं कधी लपवली नाहीत. २०१५मध्ये ‘नोबडीज एम्पायर’ हे गाणं त्यानं थेट त्या आजारावर केलं आणि २०२४मध्ये त्याच नावाची कादंबरी लिहिली. म्हणजे शेवटी कादंबरी झालीच, पण पाद्र्यानं नाही, त्यानं स्वतः लिहिली.

गेल्या महिन्यात मी ‘द स्टेट आय अॅम इन’ची लिंक आतेभावाला पाठवली. सोबत काही लिहिलं नाही, ‘बघ, तोही बरा झाला’ तर नाहीच नाही. दोन दिवस उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: ‘काल जरा बरं होतं, तेव्हा ऐकलं. ड्रम्स उशिरा येतात ते आवडलं. अजून आहेत का?’

मी अख्खा अल्बम पाठवला. रोज एकच गाणं ऐकतो म्हणाला, त्याहून जास्त झेपत नाही. काल चौथ्यावर होता.